कागदावरची मालकीण

"ह्या बाई आमच्या कामगार नाहीत. स्वतंत्र ठेकेदार आहेत. स्वतःच्या धंद्याच्या मालकीण."

लेबर ऑफिसात साहेबांच्या वकिलाने हे म्हटलं आणि माझ्याकडे हात केला. माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. पायात रबरी चप्पल. मागच्या बाकावर दुसऱ्या कामाला आलेली माणसं बसली होती, ती हसली. एक जण म्हणाला, "मालकीणबाई, आम्हाला पण ठेवा की कामाला."

साहेबही हसले. मोठ्याने नाही. साहेब कधीच काही मोठ्याने करत नाहीत.

आणि मीही हसले. काय करावं कळेना म्हणून. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

साहेब शिवाजी पार्कचे. बोलणं एकदम शुद्ध. आम्हा सगळ्या बायकांना ताई म्हणायचे. दिवाळीला मिठाईचा पुडा हातात देताना सांगायचे, मराठी माणसाने उद्योगात उतरलं पाहिजे. चिंचपोकळीला एका जुन्या इस्टेटमध्ये त्यांचा शर्टांचा कारखाना. मी तिथे प्रेसवर. कॉलरच्या आत कडक कापड असतं ना, ते गरम प्लेटखाली दाबून चिकटवायचं. मुलगी बालवाडीत होती तेव्हा लागले. ती कॉलेजात गेली तरी मी त्याच मशीनपुढे उभी.

मध्ये कधीतरी सुपरवायझरने इंग्रजी कागद आणले. "सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका." केली. सगळ्यांनीच केली. दुसऱ्या दिवशी मशीन तेच, वेळ तीच, ओरडणाराही तोच. फक्त पीएफ बंद झाला. विचारलं तर साहेब म्हणाले, "ताई, आता तुम्ही स्वतंत्र आहात."

असं असतं स्वातंत्र्य.

मे महिन्यात हात गेला. प्रेसच्या बाजूला पंखा लावू देत नाहीत, कापड उडतं म्हणून. दुपारी मला गरगरलं. डोळ्यांपुढे काळं झालं आणि तोल सावरायला हात टेकला तो खालच्या प्लेटवर. वरची प्लेट खाली आली. कातडी जळल्याचा वास मला आधी आला, कळ नंतर.

परळच्या हॉस्पिटलात साहेब सफरचंदं घेऊन आले. "काळजी घ्या, ताई." मी अजून खाटेवर होते तेव्हाच सुपरवायझरचा फोन आला. तुमच्या जागी दुसरी लावली. दोन बोटं आता वळत नाहीत. भरपाई मागायला गेले तर साहेब केबिनमध्ये बसवून शांतपणे म्हणाले, "अपघात तुमच्या धंद्यात झाला, ताई. माझा त्यात काय संबंध?"

शेजारणीने लालबागला युनियनच्या ऑफिसात नेलं. तिथे एक म्हाताऱ्या बाई बसतात. आवाज बसलेला. त्यांच्या अर्जावरूनच मी लेबर ऑफिसात त्या पहिल्या तारखेला गेले होते. मालकीण म्हणवून घेऊन, हसून मी परत आले, तेव्हा त्या मला रागावल्या.

"कागदावर काय लिहिलंय ते बाजूला ठेव. कधी यायचं, कसं करायचं, कधी थांबायचं, हे तू ठरवत होतीस? ठरवत असशील तर तू ठेकेदार. तो ठरवत असेल तर तू कामगार. कायद्याने हेच बघायचं असतं. आणि हे कागद सांगणार नाही. तूच सांगायचंस."

पुढच्या तारखेला त्या माझ्याबरोबर आल्या. अधिकाऱ्याने मलाच विचारायला सुरुवात केली.

"कामाची वेळ कोण ठरवायचं?"

"सुपरवायझर."

"उशीर झाला तर?"

"आत घेत नव्हते. दिवस जायचा."

"तुमच्याऐवजी दुसरं कुणी पाठवता यायचं?"

"एकदा ताप होता म्हणून जावेला पाठवली. तिला दारातूनच परत घालवली."

वकील मध्ये पडला. "सर, शिस्त कुठेही असते. आणि त्या दिवशी बाईंना चक्कर आली. प्रकृती त्यांची. त्याला कारखाना काय करणार?"

अधिकाऱ्याने विचारलं, "चक्कर कशाने आली?"

उन्हाने, असं म्हणणार होते. घरी तेच सांगितलं होतं. पण म्हाताऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मी पाणी पीत नव्हते."

"का?"

मग मी सांगितलं. संडासाला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. वयाने माझ्या भाच्याएवढा तो मुलगा. दिवसातून दोनदाच किल्ली. तिसऱ्यांदा मागितली की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "आता काय झालं? मघाशी तर जाऊन आलीस." पाळी असली तरी तेच. एका दिवशी तो म्हणाला, आधी लॉट संपव. मी पुन्हा मागितली. तो म्हणाला, संपव. मी उभी राहिले, उभी राहिले, आणि उभ्या जागी माझे कपडे ओले झाले. मशीनपुढे. सगळ्यांच्या देखत. त्याने चिंध्यांचं गाठोडं माझ्याकडे फेकलं. फरशी मीच पुसली. तो वर म्हणाला, "मालाला लागलं असेल तर भरून घेईन."

त्या दिवसापासून कामावर मी पाण्याचा घोट घेतला नाही. बाकीच्या बायकाही घेत नव्हत्या. बाटल्या नुसत्या पिशवीत.

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

वकील म्हणाला, "सर, ह्याचा इथे काही संबंध नाही."  अधिकारी लिहीत राहिला. माझा आवाज कापत नव्हता. इतकी वर्षं ती लाज मी माझी म्हणून पोटात ठेवली होती. माझी कशी? किल्ली ज्याच्या टेबलावर, लाज त्याची.

बाहेर जिन्यात साहेब थांबले होते.

"ताई, असल्या गोष्टी चारचौघांत बोलतात का? मला येऊन सांगायचंत."

"तुमच्या केबिनला काच आहे, साहेब. तुम्हाला दिसत होतं."

ते खाली निघून गेले.

घरी सासूने ऐकलं तर म्हणाली, "चार पुरुषांत ह्या कित्याक सांगलंस?" आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

कारखान्यातल्या संडासाचं कुलूप निघालं. मला हे बाजारात कळलं, आमच्यातलीच एक भेटली तेव्हा. म्हणाली, "तुझ्यामुळे झालं. पण मला साक्षीला बोलावू नकोस. घर चालवायचंय." बाकीच्या तर माझा फोनही उचलत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. पण माफही करत नाही.

तडजोड झाली नाही. प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा सुपरवायझर आमच्या चाळीत आला. दारातच उभा. "साहेब मदत म्हणून देतायत. चांगली रक्कम आहे. फक्त तुम्ही कामगार नव्हता, एवढं लिहून द्या."

नवरा आत बसला होता. तोही ठेक्यावरचा वॉचमन. म्हणाला, "घे गं. कोर्टात जन्म जाईल."

त्याचं खोटं नाही. जाईल कदाचित.

मी सुपरवायझरला म्हटलं, "साहेबांना सांग, मदत नको. मी त्यांची कामगार होते, हे त्यांनी तोंडाने म्हणावं."

"ते कधीच म्हणणार नाहीत."

"मग कोर्टाकडून म्हणवून घेईन."

तारीख पडली आहे. तिथे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. त्यांचा वकील उलटसुलट विचारील, बाकावरचे हसतील. हसू देत. हरले तर वरच्या कोर्टात जाईन आणि तिथेही सांगेन. माझे कपडे कुणी ओले करायला लावले, ते नाव घेऊन सांगेन. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा. आवाज खाली न आणता.