आईचा फोटो, मॅटमध्ये

मालवणच्या आमच्या घराचा भावाने होमस्टे केला, त्याला काही वर्षं झाली. आई गेली गेल्या साली. जेवणाच्या खोलीत लावायला तिचा सुरमई कापतानाचा फोटो मोठा करून घ्यायला आम्ही कुडाळला गेलो. स्टुडिओवाल्याने विचारलं, “मॅट की ग्लॉसी?” मी ग्लॉसी म्हटलं, तिला चकचकीत फोटोच आवडायचे. भाऊ उखडलाच.

“ग्लॉसी चमकता गो! गेस्ट फोटो काढतले, तेंका आवशीचो चेहरो नीट दिसाक होयो.”

दिसायला हवा म्हणे! ती होती तेव्हा गेस्टची गाडी दारात आली की हाच तिला सांगायचा, “आये, मागल्या दारी जावन बस. तुझ्या अंगाक माशांचो वास येता.”

घे मॅट, म्हटलं. कागदाला कसला वास येतोय!