पाण्याला निजू दे

मी देवाशी भांडलेला माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला साधुसंत समजायला नको. पाद्रीबाबा कितीदा म्हणाले, तुझ्यावर जे गुजरलं ते लिही, आपल्या देवळातल्या माणसांना धीर येईल. मी म्हटलं, देवळाच्या शाळेत एक पावसाळा बसलेलो, तेवढीच अक्षरं मला येतात. ते म्हणाले, तेवढी पुरतील. बघू पुरतात का.

माझी बायको मार्ता. घर आमचं कोलशेतला, खाडीच्या काठी, आणि माझा सगळा जन्म मिठागरात गेला. त्या साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला, मागोमाग ठाण्यात. आमची लेक इगतपुरीला दिलेली, जावई रेल्वेत. तिचे दिवस भरत आलेले. मार्ता म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, मीठ धरायचे दिवस, मला निघता यायचं नाही. तर म्हणते, "तुम्हाला बोलावलंय कुणी? बाळंतिणीच्या खोलीत म्हातारा काय कामाचा!" गाठोडं डोक्यावर घेतलं आणि हसत गेली. तेव्हा कल्याण स्टेशनात गाडी थांबवून एकेका उतारूला तपासायचे, अंग तापलेलं लागलं की उतरवायचे. तिला उतरवली. गावाबाहेर माळावर बांबूच्या झोपड्या बांधलेल्या, भोवती कुंपण, दाराशी शिपाई. तिथे नेली.

मला हे कळलं ते गावातल्या एका हमालाकडून, आणि तेही उशिरा. अंगावरच्या कपड्यानिशी निघालो. कुंपणाशी पोचलो तेव्हा शिपाई म्हणाला, "ती ठाण्याची किरिस्ताव म्हातारी? गेली, बाबा. काल पुरली." कुठे, म्हणून विचारलं. त्याने माळावरून नुसता हात फिरवला. पाद्री आलेला का? कुणी तिच्याजवळ होतं का? तो म्हणाला, "बाबा, आत जातं त्याच्याजवळ कोण असतं? मागे हो."

आमच्यात माणूस जायला लागला की घरचं कुणीतरी त्याच्या कपाळावर अंगठ्याने कुरूस काढतं आणि कानाशी येशूचं नाव घेतं. आम्हा नवराबायकोचं बोलणं झालेलं, मागे राहील त्याने ते करायचं. मी तिला चिडवायचो, तुझाच अंगठा माझ्या कपाळाला लागणार, जरा शेण कमी थापत जा. आणि ती तिकडे परक्या माळावर, नुसत्या कपाळाने गेली. मरण मला नवं नव्हतं. दोन लेकरं मी स्वतःच्या हाताने मातीत ठेवलेली. पण त्यांच्या कपाळावर माझा अंगठा होता. हिला सायबाच्या, म्हणजे देवाच्या, हवाली कुणी केली? केलीच नाही तर ती पोचली कुठे? हेच एक मला खायला लागलं.

घरात बसवेना. जेवायला बसलो की उठायचो. देवळात गुडघे टेकायचो आणि प्रार्थना अर्धी टाकून बाहेर यायचो. पाद्रीबाबा एकदा घरी आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, मार्ता त्याच्याच हाती आहे, भरवसा ठेव. येशूसुद्धा गावाबाहेरच मेला, आपली माणसं लांब उभी असताना. मी तोंडावर विचारलं, "तुम्ही होतात का तिथं, त्या झोपडीत?" बिचारे भले माणूस, पण मला तेव्हा भलेपणाचाही राग यायचा. मग हेच मी देवालाही विचारायला लागलो. मिठागराच्या बांधावर मी तरुणपणी एक लाकडी कुरूस उभा केलेला आहे. येताजाता त्याच्यापुढे थांबायचो आणि ओरडायचो, तू होतास का तिथं? खाडीतली माणसं होडीतून बघायची. म्हातारा बिघडला, म्हणायची.

आता मिठाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ खणात तापत ठेवायचं, मग मिठाच्या वाफ्यात सोडायचं. इथवर माणसाचं काम. पुढचं उन्हाचं. पाण्यावर साय धरते, तळाशी दाणा बसतो, आणि दाणा पुरता बसल्यावरच लांब दांड्याची लाकडी फळी घालून मीठ ओढायचं. घाई केली तर तळचा चिखल ढवळतो आणि मीठ काळं पडतं. पोराटोरांनाही हे ठाऊक. पण माझा हात जन्मभर असाच उतावळा. दर हंगामात एक तरी वाफा मी घालवणार, आणि मार्ता बांधावरून ओरडणार, "अवं, पाण्याला निजू द्या की! तुम्हाला झोप नाही म्हणून त्यालाही उठवता!" या वेळी ओरडायला कुणी नव्हतं. मी सगळ्याच वाफ्यांत फळी घालत सुटलो. एक काळा पडला, मग दुसऱ्यात. शेजारच्या मिठागरातला आगरी, मला भावासारखा, तो म्हणाला, "अरं, मीठ करतोस का शेत नांगरतोस?" मी त्याच्यावरही फळी उगारली.

अशाच एका दुपारी मी वाफ्यात उभा असताना बांधावर एक बाई आली. काळी, उंच, काष्टा घातलेली, पाय धुळीने भरलेले. आधी कुरसाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या काळ्या पाण्याकडे, आणि हसायलाच लागली.

"तूच तो," म्हणाली. "इचारायला नको."

मी म्हटलं, कोण गं तू? तर शीळ गावाकडची आगरी बाई, नाव ठमा. तिलाही कल्याणला गाडीतून उतरवलेली. ताप आला, उतरला, सुटली. मार्ताच्या शेजारीच तिची चटई होती.

माझ्या हातातली फळी गळाली. चिखलातच खाली बसलो आणि तेच विचारलं, जे सगळ्यांना विचारत होतो. "तू होतीस तिथं?"

"व्हती ना. मी नाय तर कोन?" ती बांधावर टेकली. "तुजी बाय लई बोलकी. तापात पन हासवायची. जायच्या वक्ताला मना बोल्ली, ठमे, माज्या कपालावर अशी खूण कर ना येशूचं नाव घे. मी बोल्ली, बाय, मी आगरीन, माजा हात तुज्या देवाला चालंल का? तं बोलते कशी, त्याला माजा म्हातारा चालला, तुजा हात का नाय चालनार!"

हे मार्ताचंच बोलणं. दुसऱ्या कुणाला असं बोलता येणार नाही. मी म्हटलं, दाखव, कशी केलीस खूण. तिने हवेत करून दाखवली. आमच्यात उभी रेघ आधी काढतात, तिने आधी आडवी काढली, मग उभी. आणि तीही डाव्या अंगठ्याने. मी असा माणूस, की तशातही तोंडातून निघालं, उलटी केलीस, आणि डाव्या हाताने का?

ती जरा रागावली. "उजव्या हातान् तिचा हात धरला व्हता, बाबा. तो सोडायचा का?"

किती तरी वेळ मी रडलो. कोलशेतच्या खाडीवर मला रडताना कुणी बघितलेलं नव्हतं, त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. शांत झाल्यावर मी विचारलं, एवढी उन्हातान्हाची आलीस ती हेच सांगायला? ती म्हणाली, "तिनं निरोप धाडला तुला. बोल्ली, कोलशेतला बांधावर कुरूस हाय, तितं एक म्हातारा मिठात फली घालीत असंल. त्याला सांग, पानी निजू दे."

तिला घरी नेलं, भाकर नि सुकं बोंबील वाढलं. जाताना कुरसापाशी थांबली, तसाच डावा अंगठा त्याच्या लाकडावर फिरवला, आधी आडवा, मग उभा, आणि निघून गेली. पुढे मी शिळेकडे जाऊन तिला भेटून आलो. अजून जातो.

हा चमत्कार होता का, ते मी सांगणार नाही. मला तेवढं शिक्षण नाही. मी एवढंच जाणतो, की तू होतास का तिथं, असं मी देवाला बांधावर उभं राहून विचारत होतो, आणि त्याच बांधावर ठमा येऊन म्हणाली, व्हती ना. सायबाने कुणाचा हात घ्यावा हे मी ठरवत होतो. त्याने मला विचारलं नाही. परक्या बाईचा घेतला, तोही डावा, आणि उजव्याने माझ्या मार्ताला धरून ठेवलं. तिला कुठे पुरली ते मला आजही ठाऊक नाही. त्याला आहे. पूर्वी या विचाराने मी उठून बसायचो. आता त्याच विचारावर डोकं टेकतो.

सुधारलो असं म्हणवत नाही. अजूनही वाफ्यावर साय धरायला लागली की हात शिवशिवतात. मग मी फळी कुरसाला टेकवून ठेवतो आणि बांधावर बसतो. ऊन आपलं काम करत असतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरतो, सायबाचे उपकार मानतो आणि पाण्याला निजू देतो.