चेंडूला हात न लावलेला खेळाडू

कोचच्या उजव्या हाताची चार बोटं चार दिशांना वळलेली होती. वॉर्डात कुणी त्यांना टॉयलेटचा रस्ता विचारला, की ते हात वर करून म्हणायचे, "कुठल्या बोटाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा."

नॉटिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते, तिथे ते गुडघा बदलायला आले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, खांदे दाराएवढे रुंद. तरुणपणी अमेरिकेत ते पैसे घेऊन फुटबॉल खेळले होते. त्यांच्याकडचा तो हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. बापासारखं कोळशाच्या खाणीत उतरायचं नव्हतं, म्हणून मैदानात उतरले. काम एकच : ज्याच्या हातात चेंडू, त्याच्यापर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही. "नऊ वर्षं खेळलो, पण चेंडूला एकदाही हात लावला नाही," हे ते छाती काढून सांगत. गुडघा गेला तसं टीमने एका सकाळी त्यांना घरी पाठवलं. तिकडच्या इस्पितळात भेटलेली नर्स नॉटिंगहॅमची निघाली. तिच्याशी लग्न करून ते इकडे आले आणि निवृत्तीपर्यंत शाळेत खेळ शिकवत राहिले, म्हणून सगळ्यांचे 'कोच'. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

'मृण्मयी' त्यांच्या जिभेला झेपेना. मी नागपूरची हे कळल्यावर त्यांनी माझं नावच 'नागपूर' करून टाकलं.

ऑपरेशननंतर मात्र गंमत संपली. दुखणं थांबवायची गोळी ते घेईनात. गोळीशिवाय गुडघा वाकेना, आणि वाकवला नाही तर तो कायमचा आखडणार होता. डॉक्टर समजावून थकले. चौथ्या दिवशी मी कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले.

"कोच, गोळीवर एवढा राग का?"

ते म्हणाले, "नागपूर, मध्यंतरात टीमचा डॉक्टर गुडघ्यात सुई टोचायचा. दुखणं गायब, मी परत मैदानात. गुडघा आतल्या आत फाटत होता आणि मला पत्ताच नव्हता. त्यापेक्षा दुखलेलं बरं. निदान कळतं तरी."

मी म्हटलं, "इथे तुम्हाला कुणी मैदानात पाठवणार नाही. खिडकीपर्यंत जायचंय फक्त. आणि तुम्ही थांब म्हणालात की मी थांबणार."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी गोळी घेतली. खिडकीपर्यंत अकरा पावलं झाली. वाटेत दोनदा ते थांब म्हणाले. दुसऱ्यांदा बहुतेक मला तपासायलाच.

पुढच्या वर्षी दुसऱ्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग दर मंगळवारी ते आपणहून वॉर्डात येऊ लागले. घाबरलेल्या पेशंटपाशी बसायचे आणि माझ्याकडे वाकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही ऐकते." त्या दोन शब्दांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही कोर्सने शिकवलं नाही. आजही समोरचा थांब म्हणाला, की आधी मी थांबते. का, ते नंतर विचारते.

काही वर्षांनी त्यांच्या मुलीने त्यांना कायमचं अमेरिकेला बोलावलं. मी तोवर हीथ्रो विमानतळाशेजारी हाउन्सलोला राहायला आले होते, म्हणून तिथे निरोपाला गेले. मुलीने तिकडूनच व्हीलचेअर सांगून ठेवली होती. कोचनी त्या खुर्चीकडे एकदा बघितलं, आपली बॅग तिच्यात बसवली, मला घट्ट मिठी मारली आणि स्वतःच ती ढकलत निघाले. खुर्ची ढकलायला आलेला विमानतळावरचा माणूस मोकळ्या हातांनी मागे धावत ओरडत होता, "सर, जरा हळू!"