रुळाला लावलेला गाल

माझ्या उजव्या गालावर बोटभर लांबीचा डाग आहे. तो मी मेकअपने झाकत नाही. कमावलेली वस्तू कोण झाकतं?

आमच्या घराण्यात रूळ बघायची एक रीत आहे. आजोबांचे आजोबा एकोणिसाव्या शतकात वसईच्या खाडीकाठी रूळ टाकणाऱ्या टोळीचे मुकादम होते. तेव्हा यंत्रं कुठली? बायका टोपल्यांनी भराव टाकायच्या, पुरुष खांद्यावरून रूळ आणायचे, आणि शेवटी मुकादम पालथा पडून रुळाला गाल लावायचा. एक डोळा मिटून रुळाच्या माथ्यावरून लांबवर बघितलं की खचलेली जागा दिसतेच. मुकादमाने हात वर केला की पहारी लावून रूळ उचलायचा आणि स्लीपरखाली खडी ठोकायची. हात आडवा केला की थांबायचं. ही विद्या आजोबांपर्यंत आली आणि त्यांनी मला दिली. घरात शिकायला दुसरं कोणी तयारच नव्हतं, हेही खरं.

अबुधाबीच्या पश्चिमेला मालगाडीच्या नव्या लाइनवर मी ट्रॅक इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेव्हा हे कोणाला सांगितलं नाही. इथे लेझरच्या ट्रॉलीने मोजतात. लाइनच्या एका तुकड्याची अशी मोजणी झाली आणि रिपोर्ट स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वे कंपनीचे साहेब तो ताब्यात घ्यायला येणार होते, फक्त माझी सही राहिली होती. आमचे सुपरवायझर रत्नागिरीचे, वयाने मोठे. त्या दिवशी सकाळी त्यांनी पेन पुढे केलं. "एकदम क्लीन आहे मॅडम. साइन करा, खलास."

पण मोजणीनंतर खडीने भरलेले ट्रक तिथूनच रूळ ओलांडून गेले होते. आणि खालची जमीन खारी, वर पांढरी पापडी, आत ओल. ती जात मी ओळखते, मिठागरांच्या शेजारी वाढलेय मी. म्हटलं, आधी मला बघू दे. ट्रॉलीला दिसलं नाही ते तुम्हाला काय दिसणार, असं ते म्हणाले. साहेबांना उगाच थांबवलं तर तुमची नोकरी पक्की होणार नाही, हेही त्यांनी बजावलं. वाईट मनाने नाही.

मी सगळ्या टोळीसमोर पालथी पडले आणि रुळाला गाल लावला. सकाळचे दहा वाजले होते. आजोबा रूळ पहाटे बघायचे, आणि तेही वसईत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गाल चर्रकन भाजला. दुबईतल्या मुहैस्नाहच्या मजूर-कॅम्पातून इथे आणलेली माणसं हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण आता उठले असते तर जन्मभर आजोबांना तोंड दाखवता आलं नसतं. हेल्मेटखालचा रुमाल रुळावर टाकला आणि पुन्हा डोळा लावला. तिसाव्या स्लीपरच्या आसपास रूळ किंचित बसला होता.

"ट्रॉली परत आणा," मी म्हणाले.

ट्रॉलीने सांगितलं, अकरा मिलिमीटर. आता कोणी हसत नव्हतं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे नवऱ्याला माहीत आहे.

खडी ठोकणारं मोठं यंत्र दूर होतं, त्यामुळे माणसांनी जॅक लावले. मी पुन्हा आडवी झाले, हात वर केला. रूळ उचलला गेला, खाली खडी गेली. दोनदा तसं झालं आणि मग मी हात आडवा केला. ट्रॉली पुन्हा फिरली, रूळ सरळ होता. साहेब आले तेव्हा माझी सही तयार होती.

सुट्टीला शारजात अल मजाजला घरी पोचले तर लेकीने विचारलं, "ममा, व्हॉट हॅपन्ड टु युअर फेस?" मी तिला टोपल्यांपासून सगळं सांगितलं. तिने विचारलं, "सो यू वन?" मी म्हटलं, हो, आम्ही जिंकलो.

आता कुठलाही तुकडा ताब्यात द्यायचा दिवस असला की सुपरवायझर स्वतः ओला टॉवेल रुळावर पसरतात. परवा एका नव्या इंजिनियरने घाईने रिपोर्टवर पेन टेकवलं, तर त्यांनी त्याचा हात धरला. "थांब, हबीबी," ते म्हणाले. "ताई अजून आडव्या झाल्या नाहीत."