दुधाची पिशवी आणि बिडाचा तवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, माहेरी आईला नाही, शाळेत माझ्या शेजारी बसून डबा खाणाऱ्या बाईंना तर नाहीच नाही — त्यांना सांगितलं की मधल्या सुट्टीत ते अख्ख्या लातूरला कळतं. तुम्हालाच का सांगतेय, तेही नीट सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि गोष्ट तरी काय, एका तव्याची. तव्यापायी कुणी इतकी वर्षं मनात कुढत बसतं का?

त्याच बाईंनी परवा विचारलं, "तुमच्याकडं तो बिडाचा तवा आहे ना, महागडा? घेण्यासारखा असतो का हो?" ओतीव लोखंडाचा तो जड काळा तवा हल्ली सगळ्यांनाच हवा असतो, आणि आमच्या ओळखीत तो पहिल्यांदा आला माझ्या घरात, त्यामुळे सल्ला मागायला सगळे माझ्याकडे. मी दरवेळी सांगते — घ्या, पैसे वसूल होतात. पैसे वसूल होतात? कुणाचे?

थांबा. असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

तेव्हा आमचं एकत्र होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही दोघं, आणि धाकटे दीर आणि त्यांची बायको अर्चना. अर्चना देगलूरची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला अक्का म्हणायची, अजून म्हणते. आत्याबाईंचा जुना लोखंडी तवा होता, अहमदपूरच्या बाजारातून कधीतरी घेतलेला, मधे थोडा खोलगट झालेला. त्यावर भाकरी झकास व्हायची. म्हणजे गरज काहीच नव्हती. पण मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला — एक बाई, चकचकीत ओटा, आणि तव्यावर सुळकन घसरणारं अंडं. आमच्या घरात अंडं शिजत नाही. तरी ते घसरणारं अंडं बघून मला तवा हवाच झाला. माझा पगार, माझी हौस. मागवला. आत्याबाईंनी किंमत विचारल्यावर निम्मी सांगितली, तरी त्यांनी तोंडावर हात ठेवला. "एवढ्या पैशात भाकरी सोन्याची व्हणार हाय का?"

तवा आला नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी.

पंचमीला आपल्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही आणि तवा ठेवायचा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दिंडं उकडायची, झालं. मीही माहेरी हेच पाळत आले. पण त्या सकाळी आत्याबाई अर्चनाला घेऊन वारूळ पुजायला गेल्या, मी पुरण वाटायला मागे थांबले, आणि घरात कुणी नव्हतं. नव्या तव्याला तेल पाजायचं असतं — तेल लावायचं, धूर निघेपर्यंत तापवायचं, पुसायचं, परत लावायचं. मला वाटलं, यावर काही शिजवायचं थोडंच आहे? नुसता तापवायचा. तवा ठेवला असं तर नाही होणार? मी स्वतःशी असा वाद घातला आणि जिंकले. स्वतःशी वाद घालताना मी नेहमी जिंकते.

धूर निघायला लागला, आणि फाटकाची कडी वाजली.

इतक्या लवकर कशा आल्या, कोण जाणे. मी गॅस बंद केला, फडक्यानं तवा उचलला आणि नळाखाली धरला. मी आठवीला विज्ञान शिकवते. तापलेली वस्तू एकदम गार केली की का तडकते, हे दर वर्षी फळ्यावर चित्र काढून सांगते. तो धडा त्या वेळी कुठे गेला होता? चर्र झालं आणि त्याच्या आत एक बारीक टण्ण. काठापासून आत, केसाएवढी चीर. मी वरून तेल चोळलं. चीर तेलात दिसेनाशी झाली. तवा खोक्यात, खोकं कपाटावर. आत्याबाईंनी दारातच विचारलं, "कसला वास यायलाय गं?" मी म्हणाले, देवापुढची वात जळली.

इथवर काय, भित्रेपणा म्हणा. लोक याहून मोठं खोटं बोलतात. पण दुसऱ्या दिवशीचं —

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना अर्चनाला म्हणाले, "नवा तवा काढ. पहिली भाकरी तुझ्या हातची होऊ दे." तिचा चेहरा असा उजळला. माझा तवा, माझ्या हौसेचा, आणि मी तिला मान दिला. मी हे मुद्दाम केलं का? किती तरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला वाटलं होतं चीर किरकोळ आहे, टिकेल. वाटलं होतं का खरंच? मला नीट आठवत नाही. नाही, आठवतं. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. आपल्यामागची पीडा दुसऱ्याच्या दारात ठेवून आल्यावर वाटेल तसं. ते हलकं वाटणं मला स्वच्छ आठवतं, त्यामुळे बाकीचं आठवत नाही म्हणण्यात काही अर्थ नाही.

दुपारी आले तर घर गप्प. अर्चनानं भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, सगळ्याच फिरवतात तसा, चार थेंब तव्यावर ओघळले आणि तव्याचा टवका निघाला. जाडजूड लोखंडाचा, बिस्किटाचा पडावा तसा. आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडणाऱ्या नाहीतच. त्या विचार करत बसल्या होत्या. नवाकोरा तवा, एवढा जाड, असा मोडेलच कसा? मग म्हणाल्या, "काल पंचमीचं कुणी काही मोडलं का?"

मी चपलाही काढल्या नव्हत्या. आता बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य — हो, मी. पण त्याआधीच अर्चना रडायला लागली.

"मी दुधाची पिशवी कात्रीनं कापली व्हती सकाळी. वारुळाला न्यायला. ध्यानातच न्हाई आलं, आत्याबाई."

दुधाची पिशवी. तुम्हीच सांगा, पंचमीला प्लास्टिकची पिशवी कापली तर ते चिरणं होतं का? मी आजतागायत ठरवू शकलेले नाही. पण आत्याबाईंनी मान हलवली. "तरीच," त्या म्हणाल्या. वर तिची पाठही थोपटली, लहान हाय, शिकंल. त्यांच्या मनातला गुंता सुटला. घरातला सुटला. आणि मी? मीही अर्चनाला जवळ घेतलं. म्हणाले, जाऊ दे गं, तवाच आहे. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. त्या हाताची मला आज शिसारी येते.

तेवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण राखीला तिचा भाऊ आला. देगलूरला मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं त्याचं. एसटीतून मांडीवर घेऊन आला होता खोकं. ओवाळणीत साडी नको, हेच दे, असं तिनंच सांगितलं होतं त्याला. लग्नानंतरची तिची पहिली राखी. "ताईच्या हातून नुकसान झालं म्हणं तुमचं. त्याच कंपनीचा हाय, बघून घ्या," तो मला म्हणाला. आणि मी बघून घेतला. उलटा करून, वाजवून. मग त्याला जेवायला वाढलं, आग्रह करून.

तोच तवा मी आज वापरते. घरं वेगळी झाली, दीर नोकरीसाठी नांदेडजवळ विष्णुपुरीला गेले, तेव्हा अर्चनानं तो हसत माझ्याकडे ठेवला. तुमचाच हाय की, अक्का. भाकरी त्यावर फुगते, चांगली फुगते. आत्याबाईंच्या जुन्या तव्यापेक्षा चांगली? मला सांगता येत नाही. मी चव घेते आणि मला चव कळत नाही. तो तवा खरंच चांगला आहे, की मला तो चांगला असावाच लागतो, हे मला खरोखर कळत नाही.

एवढं मात्र कळतं, की त्या दिवसापासून त्या घरात अर्चनाच्या हातात कुणी काही दिलं नाही. काचेची बरणी असो, नवा मिक्सर असो. "राहू दे, तू नको." प्रेमानंच म्हणायचे सगळे. मीही म्हणायची. हळूहळू ती स्वतःच हात मागे घ्यायला लागली. आत्याबाई आता थकल्यात, नातवंडांची नावं विसरतात. अर्चनाच्या हातून तवा मोडला, हे विसरत नाहीत.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे नांदेडला गेले होते. स्वयंपाकघरात सगळी भांडी स्टीलची नाहीतर जर्मनची, ॲल्युमिनियमची. हलकी, पडली तरी काही न होणारी. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "अक्का, तसला तवा मलाबी घ्यावा वाटायलाय. हे म्हणतात घे. पण एवढा पैसा घालायचा आन्‌ माझ्या हातात काय टिकायचाय तो?" आणि हसली. खरंखुरं हसली, गंमत सांगितल्यासारखी.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात तिची मुलगी आतून आली, पहिलीतली, दोन्ही हातांनी कपबशी धरून, जीभ बाहेर काढून, अगदी जपून एकेक पाऊल टाकत. माझा चहा तिला स्वतःच्या हातानं द्यायचा होता.

"ए, तू नको," अर्चना म्हणाली. "तुझा हात माझ्यावर गेलाय. फुटंल."

पोरगी जागच्या जागी थांबली. तिनं कपाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग माझ्याकडे.

मी उठले आणि तिच्या हातातून कपबशी काढून घेतली.