वाकून दाखव

माझ्या पाठीवर पेन्सिल उमटत नव्हती.

प्रॅक्टिकलचा हॉल. मधे लाकडी चौथरा, त्यावर मी उभी. अंगात दवाखान्यातला गाऊन, मागून उघडा. मागे अख्खा वर्ग, पोरं पण. मॅडम माझ्या मणक्याची हाडं बोटाने चाचपत होती आणि एकेकावर निळ्या पेन्सिलने खूण करत होती. तिने पेन्सिल पुन्हा पुन्हा ओढली. टोक बघितलं. मग माझी पाठ बघितली.

"हिच्यावर काही दिसायचं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "फळ्याचा खडू आणा."

वर्ग हसला. खडू आला. मानेपासून कमरेपर्यंत खरखरत गेला. मागच्यांना दिसतंय का, असं तिने विचारलं. मागच्यांनी हो म्हटलं.

मॅडमला मी इथे 'त्या' म्हणणार नाही. वर्गात म्हणायचे. अहो, जाहो, मॅडम, प्लीज. आता 'ती'.

आम्ही अंबरपेठचे. म्हणजे आजोबा सीमेपलीकडच्या बिलोलीकडून आले, भाड्याच्या खोलीत राहिले, तेव्हापासूनचे. जात मातंग. बाबा बेगम बाजारात हमाली करतात, मिरचीची पोती उचलतात. घरात मराठीच, पण आमची मराठी अशी की तिच्यात हौ, नक्को, कायकू सगळं नांदतं. वाचायला बसले की अडखळते. शाळा तेलुगू, मग इंग्रजी. फिजिओथेरपीला लागले ती राखीव जागेवर. लपवायचं काही नाही त्यात.

सुरुवातीला मला कॉलेज आवडलं होतं. शब्दांमुळे. सांधा दुमडला की फ्लेक्शन, उलगडला की एक्स्टेन्शन. हात अंगापासून बाजूला गेला की अ‍ॅबडक्शन, परत अंगाशी आला की अ‍ॅडक्शन. डावं-उजवं धरायचं ते पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही. घरी बहिणीचा हात धरून मी हे सगळं घोकायचे. पोरीचा हात उपटशील, म्हणून आई ओरडायची.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर एक माणूस उभा होता. ताठ. नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. वर, खाली, आत, बाहेर, पुढे, मागे, सगळं त्याच्यावरून ठरवायचं. राजा असो की हमाल, मोजणी तिथूनच. त्या माणसाला ना गाव होतं ना आडनाव. मला ते फार बरं वाटलं. वाटलं, इथे एक जागा सापडली.

मॅडम पुण्याची. नवरा कंपनीत, म्हणून इकडे आलेली. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझं नाव वाचून थांबली. मराठी का, म्हणाली. मी खुशीत हो म्हटलं. एवढ्या तेलुगू बोलण्यात कानावर मराठी आली की अंगावरून वारा गेल्यासारखं होतं. तिने गाव विचारलं. मी सांगितलं. गावात कुठे घर, ते विचारलं. तेही सांगितलं. मग माझ्या आडनावाकडे पुन्हा बघितलं आणि "अच्छा" म्हणाली. तो अच्छा मला तेव्हा कळला नाही.

प्रॅक्टिकलला एक अंग लागतं. ज्यावर हाडं दाखवायची, स्नायू दाखवायचे, हालचाली करवून घ्यायच्या. पहिल्या वेळी तिने कोण येतं विचारलं. मुली खाली बघायला लागल्या. एकीने आजारपण सांगितलं, एकीने घरी चालणार नाही सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"तू ये गं. तुमच्यात एवढं लाजत नाहीत," मराठीत म्हणाली.

मी गेले. आपल्या भाषेतली म्हणून बोलावलं, असं वाटलं मला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मीच. त्याच्या पुढच्याही. बाकीच्या मुली वह्या घेऊन उभ्या, मी चौथऱ्यावर. माझ्या खांद्याचं हाड, माझा गुडघा, माझी टाच. पोरांना बोटं लावून बघायला सांगायची. एकदा मी म्हटलं, आज दुसरं कोणी घ्या मॅडम. तर म्हणाली, मार्क माझ्याच हातात आहेत ना, मग? हसत म्हणाली. सगळं हसतच म्हणायची.

तिची एक रीत होती. शिकवायची इंग्रजीत. मला टोचायची बहुतेक मराठीत. वर्गात मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे ती काय बोलते ते तिला आणि मलाच ठाऊक. बाकीच्यांना वाटायचं, मॅडमचं हिच्यावर प्रेम आहे. एक मैत्रीण तसं म्हणालीसुद्धा. तू लकी आहेस, म्हणाली.

मग कण्याच्या हालचालींचा दिवस आला.

ताठ उभी राहा, म्हणाली. राहिले. वाकून दाखव, म्हणाली. फ्लेक्शन. मी वाकले. तळवे चौथऱ्याला टेकले. तशीच थांब, म्हणाली. मी थांबले. डोकं खाली, गाऊन दोन्हीकडे उघडलेला, पाठ वर्गाकडे. मला तिची चप्पल दिसत होती आणि रंगवलेली नखं. ती वर्गाला कुठला मणका किती दुमडतो ते सांगत होती. माझ्या डोक्यात रक्त उतरलं. ती ऊठ म्हणेना.

मग खाली झुकली. माझ्या कानाशी, अगदी सावकाश, मराठीत बोलली.

"तुमच्यात वाकणं रक्तातच असतं. ताठ उभं राहायलाच शिकवावं लागतं."

आणि सरळ होऊन पुढे शिकवायला लागली. इंग्रजीत. मुलं लिहून घेत होती.

तेव्हा मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. रडू आलं नाही. मला पुस्तकातला तो माणूस आठवला, बिनआडनावाचा. कळलं, तो या बाईच्या पुस्तकात कधी नव्हताच.

तिने ऊठ म्हटलं नव्हतं. मी उठले. गाऊनच्या नाड्या मागे हात नेऊन बांधल्या. वर्गाकडे वळले.

"मॅडम अभी मेरे कान में क्या बोले, सुनो," मी म्हटलं. "तुम लोगां का झुकना खून में रहता बोले. सीधा खडे रहना सिखाना पडता बोले."

मग तेच तेलुगूत सांगितलं. शब्द न शब्द. मागून एक मुलगा हसला आणि मधेच थांबला. मॅडमचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. बाहेर हो, म्हणाली. इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाबांना बोलावलं. ते बाजारातूनच आले, अंगातल्या शर्टावर मिरचीची धूळ. प्रिन्सिपॉल सर खोकायला लागले. मॅडमने रुमाल नाकाला लावला. खुर्ची होती, बाबांना कुणी बसा म्हटलं नाही. ते बसलेही नसते.

सर म्हणाले, मुलीने मॅडमचा अपमान केला आहे, माफी लिहून द्यावी, विषय संपवू. मॅडम बाबांशी मराठीत बोलली, गोड.

"काका, मुलीला समजवा जरा. तिला चेष्टा कळत नाही."

बाबांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "काय चेष्टा केलाव मॅडम?"

तिने रुमाल पुन्हा नाकाला लावला. बाबांनी सरांकडे बघितलं, तेलुगूत विचारलं, मॅडम काय बोलल्या सर? सरांनी समोरचे कागद सारखे केले. खोलीत कुणी ते वाक्य उच्चारेना. जी बोलली होती तीही नाही, तिची बाजू घेणारेही नाहीत.

म्हणून मी सांगितलं. माझ्या बापाला, त्याच्या तोंडावर. आपल्याच भाषेत. एवढं जड मी आजवर काही उचललेलं नाही.

बाबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, आता बोलतील. ते दोन पावलं पुढे गेले आणि वाकले. मॅडमच्या पायाकडे. चुकलं पोरीचं, माफ करा, म्हणाले. तिने पाय मागे घेतले. वडीलधारा माणूस वाकतोय म्हणून नव्हे, मिरची लागेल म्हणून.

मी त्यांचा दंड धरला. ओढलं. ते उठेनात.

"लिहून दे बाई," खालूनच मला म्हणाले. "सीट जाईल."

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

नल्लकुंट्यातल्या कॉलेजपासून घरापर्यंत ते माझ्या पुढे चालत राहिले. घरी आईला एवढंच म्हणाले, हिला शिकवून चूक केली. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आजही पहिल्यासारखं बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. पण मी त्यांच्यासारखी वागणारही नाही.

प्रॅक्टिकलला मला नापास केलं. लेखीत मार्क चांगले, तोंडीत आणि हाताने करून दाखवण्यात नापास. जी मला लकी म्हणाली होती तिने बाक बदलला. मी ऑफिसात तक्रार दिली, माझ्या नावाने. बघतो म्हणाले. बघतायत अजून.

यंदा त्या विषयाला ज्युनिअर मुलांबरोबर बसते. त्याच हॉलमध्ये. परवा मॅडमने चौथऱ्यावर नवीन मुलगी बोलावली. तांड्यावरची, लंबाडी, म्हणजे बंजारा. मी उठून तिला तेलुगूत सांगितलं, तुझी इच्छा नसेल तर जाऊ नकोस, जबरदस्ती करता येत नाही. मुलीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेली. गाऊन घालून उभी राहिली. मॅडम मला बस म्हणाली. मी बसले नाही. तास संपेपर्यंत भिंतीशी उभी राहिले आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या दिवशी ती एकही वाक्य हळू आवाजात बोलली नाही.

सर म्हणतात, दुसरं कॉलेज बघ, तुझ्याच भल्याचं आहे. बाबाही तेच म्हणतात.

मी कुठे जाणार नाही. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. मला इथून काढायचं असेल तर त्यांना कारण लिहावं लागेल. आणि कारणात ते वाक्य लिहावं लागेल. जसंच्या तसं. कोण बोललं त्याच्या नावासकट.

तोवर मी रोज येणार.