पाणी आमचं, नाव थोरल्या बाईंचं

थोरल्या बाई कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी हंड्यावरचं झाकण उचलून आत बघायच्या. "पान्यावरनं घर कळतं," असं म्हणायच्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. माझा हंडा त्यांना हटकून अर्धा सापडायचा, आणि त्या काही न बोलता झाकण परत ठेवायच्या. बोलल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी त्यांच्यावर जळायचे. एकाच डाळीचं वरण दोघींनी केलं तरी सासूबाई त्यांच्याच वरणाची बोटं चाटायच्या. सोनईच्या बाजारात कासारसुद्धा बांगड्या भरायला आधी त्यांना बसवायचा. देवाने एकदाच माझी बाजू घेतली. वाटण्या झाल्या तेव्हा जुनी बारमाही विहीर आमच्याकडे आली. त्यांनी बांधापलीकडे नवी खोदली, तिला पाणी बेताचंच.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या विहिरीने तळ गाठला. थोरल्या दिरांनी आडवं बोर मारणारे आणले. ते मशीन घेऊन विहिरीत उतरले आणि खडकाला आडवी भोकं पाडू लागले. त्यातलं एक नेमकं आमच्या विहिरीच्या दिशेने गेलं आणि पाण्याची धार लागली. दिरांनी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी आम्ही बादली सोडली, तर ती दगडावर वाजली. आमची मोसंबीची बाग तेव्हा पहिल्या फळावर आली होती.

आमचे हे भांडायला गेले. दीर म्हणाले, जमिनीखालच्या पाण्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. थोरल्या बाई मात्र आमच्या विहिरीवर आल्या, वाकून बघितलं आणि तशाच माघारी गेल्या. दीर बाजाराला गेले त्या दिवशी त्यांनी बोरवाल्यांना पुन्हा विहिरीत उतरवलं आणि बाभळीच्या खुंटीला गोणपाट गुंडाळून ते भोक ठोकून बंद करून घेतलं. संध्याकाळी दीर गरजले. बाई एवढंच म्हणाल्या, "धाकलीची हीर पिऊन आपली भरायची न्हाई." त्यांचा कांदा वाळून गेला. आमच्या विहिरीला हळूहळू पाणी आलं, बाग जगली.

यात मला आनंद व्हायला हवा होता. पण गावभर एकच चर्चा, थोरलीने पाणी दिलं, केवढं मोठं मन! अहो, विहीर आमची, पाणी आमचं, आणि नाव त्यांचं? आमचे हेसुद्धा जेवताना तेच म्हणाले, वहिनी नसत्या तर बाग गेली असती. मी त्यांच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

वैशाखात थोरल्या बाईंची विहीर पार आटली. भर सकाळी, बायकांची गर्दी असताना, त्या घागर घेऊन आमच्या विहिरीवर आल्या. बायकांनी वाट करून दिली, पण त्यांनी दोराला हात लावला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "धाकले, घेऊ का गं पानी?"

जी विहीर त्यांनीच वाचवली, तिच्या काठावर त्या मला विचारत होत्या, सगळ्यांदेखत, आणि त्यात त्यांना जराही कमीपणा वाटत नव्हता. मला जन्मात असं मागता आलं नसतं. मी घागर त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि काठोकाठ भरून दिली.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. आता भावकीत सगळ्या मलाच थोरल्या बाई म्हणतात. या नावासाठी मी उभी हयात जळत होते. पण कुणी अशी हाक मारली की अजूनही मी आधी मागे वळून बघते, त्या आल्या का म्हणून.